एजबॅस्टन: बर्मिंगहॅमच्या श्रीमंत उपनगराविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मराठी वाचकाला एजबॅस्टन हे नाव बहुधा क्रिकेटच्या समालोचनातून माहीत झालेले असते. मैदानाबाहेरचे एजबॅस्टन मात्र इंग्लंडच्या सामाजिक इतिहासातले एक विलक्षण प्रकरण आहे. कारखान्यांवर मोठ्या झालेल्या शहराला अगदी लागून असलेल्या या भागात जवळजवळ दोनशे वर्षे कारखाना येऊ दिला गेला नाही, आणि ज्यांचे कारखाने शहरात होते तेच लोक येथे राहायला आले. उपनगराविषयी नेहमी विचारले जाणारे प्रश्न आणि त्यांची उत्तरे पुढे दिली आहेत.

एजबॅस्टन नेमके कोठे आहे? ते स्वतंत्र गाव आहे का?

एजबॅस्टन बर्मिंगहॅम शहराच्या मध्यभागापासून नैर्ऋत्येला आहे. फाइव्ह वेज या चौकापाशी ते सुरू होते आणि हा चौक मध्यवस्तीपासून सुमारे दीड किलोमीटरवर, म्हणजे पायी वीस मिनिटांच्या आत आहे. पूर्वी ते वॉरिकशर परगण्यातले स्वतंत्र खेडे होते. जुने चर्च, जमीनदाराचा वाडा, त्याभोवतीचे उद्यान आणि विखुरलेली शेते एवढाच त्याचा पसारा होता. १८३८ मध्ये बर्मिंगहॅमला नगरपालिका मिळाली, तेव्हा एजबॅस्टनचा समावेश तिच्या हद्दीत झाला. त्यामुळे प्रशासनाच्या दृष्टीने ते तेव्हापासून शहराचाच भाग आहे. पण रस्त्यावरून चालताना शहर कोठे संपले हे आजही चटकन कळते, कारण घरे एकाएकी रस्त्यापासून मागे सरकतात आणि झाडे पुढे येतात.

उद्योगनगरीच्या इतके जवळ असूनही येथे कारखाने का उभे राहिले नाहीत?

याचे एका वाक्यातले उत्तर असे, की येथली जवळजवळ सगळी जमीन एकाच घराण्याच्या मालकीची होती आणि त्या घराण्याने कारखान्यांना जागाच दिली नाही. तरीही हे उत्तर अपुरे आहे, कारण जमीनमालकाने मनात आणले म्हणून वस्ती श्रीमंत होतेच असे नाही. याचे उदाहरण बर्मिंगहॅममध्येच सापडते. शहराच्या वायव्येला कोलमोर घराण्याने १७४६ नंतर आपली जमीन बांधकामासाठी खुली केली. तेथेही व्यापाऱ्यांची देखणी घरे उभी राहिली आणि सेंट पॉल्स चौक तर शहराची शान समजला जाई. पण काही दशकांतच परसदारी कार्यशाळा उभ्या राहिल्या, घरांची दुकाने झाली, आणि तो सगळा परिसर सोनारकाम आणि दागिने घडवणाऱ्यांचा झाला. आज तो ज्वेलरी क्वार्टर म्हणून ओळखला जातो. तेथून बाहेर पडू पाहणाऱ्या सधन कुटुंबांना नवी जागा हवी होती, आणि नेमक्या त्याच काळात एजबॅस्टनची जमीन उपलब्ध होत होती.

भूगोलही अनुकूल होता. इंग्लंडच्या या भागात वारे बहुतांश नैर्ऋत्येकडून वाहतात, त्यामुळे धुराड्यांचा धूर शहरावरून पूर्वेकडे, सॉल्टली आणि नेशेल्सच्या दिशेने जाई. एजबॅस्टनला वारा आधी मिळत असे आणि शहराला नंतर. जमीन काहीशी उंचवट्यावर होती, रेतीमिश्रित होती आणि तिच्यातून पाण्याचा निचरा चांगला होत असे. मालकाचे निर्बंध, धनिकांची गरज आणि वाऱ्याची दिशा या तिन्ही गोष्टी एका ठिकाणी आल्या. यांतली एक जरी नसती तर निर्बंधांचे कागद बहुधा कागदच राहिले असते.

हे जमीनदार घराणे कोणते, आणि त्याचा पैसा कोठून आला?

मध्ययुगापासून कित्येक शतके एजबॅस्टन मिडलमोर घराण्याकडे होते. हे घराणे कॅथलिक आणि राजनिष्ठ होते, त्यामुळे सतराव्या शतकातील यादवी युद्धाच्या काळात त्याचा वाडा संसदेच्या बाजूच्या कर्नल जॉन फॉक्स यांच्या तुकडीने ताब्यात घेतला आणि शेजारच्या चर्चचेही मोठे नुकसान झाले. पुढे १६८८ मध्ये, कॅथलिक राजा दुसरा जेम्स पदच्युत झाला त्या धामधुमीत, कॅथलिकांना आसरा मिळू नये म्हणून जमावाने तो वाडाच जाळला.

१७१७ मध्ये ही मिळकत सर रिचर्ड गॉफ यांनी विकत घेतली, आणि येथे भारताशी एक खरा धागा जुळतो. गॉफ हे पूर्वेकडच्या व्यापारात श्रीमंत झालेले गृहस्थ होते. भारत आणि चीनशी चालणाऱ्या व्यापारात त्यांनी पैसा मिळवला आणि ईस्ट इंडिया कंपनीच्या संचालकांमध्ये त्यांचा समावेश होता. म्हणजे बर्मिंगहॅमच्या सर्वांत प्रतिष्ठित उपनगराखालची जमीन, काही अंशी तरी, आपल्याकडच्या मालाच्या व्यापारातून खरेदी झाली. गॉफ यांनी जळालेल्या वाड्याच्या जागी एजबॅस्टन हॉल नव्याने बांधला. त्यांच्या नातवाला मामाकडून कॅल्थॉर्प घराण्याच्या मिळकती मिळाल्या, त्याने गॉफ-कॅल्थॉर्प असे आडनाव लावले, आणि १७९६ मध्ये तो पहिला लॉर्ड कॅल्थॉर्प झाला.

येथल्या रस्त्यांची नावे पाहिली तर घराण्याची वंशावळ आणि मालमत्तेची यादी एकदमच वाचता येते. कॅल्थॉर्प, गॉफ, जॉर्ज, फ्रेडरिक हे घरातले. कारपेंटर हे पहिल्या लॉर्डच्या पत्नीचे माहेरचे नाव. आणि अॅम्प्टन, पेकनहॅम, एल्व्हेदम ही सफोक आणि हॅम्पशर येथील त्यांच्या इतर जहागिरींची नावे.

भाडेपट्ट्याची पद्धत प्रत्यक्षात कशी चालत असे?

एजबॅस्टनची सगळी गुरुकिल्ली याच प्रश्नात आहे. घराण्याने जमीन विकली नाही, तर ती बहुधा ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्याने दिली. पहिला बांधकाम-पट्टा १७८६ मध्ये झाला. पण खरा वेग आला तो तिसरे लॉर्ड, जॉर्ज यांच्या काळात, १८१० नंतर. पट्टेदाराने स्वतःच्या खर्चाने घर बांधायचे, दरवर्षी जमिनीचे ठरलेले भाडे द्यायचे, आणि मुदत संपली की जमीन घरासकट मालकाकडे परत जायची. मुंबईत किंवा नवी मुंबईत भाडेपट्ट्याच्या जमिनीवर राहणाऱ्यांना ही कल्पना अपरिचित नाही. फरक एवढाच, की येथे पट्टा देणारी सरकारी संस्था नसून एक उमराव होता आणि पट्ट्यातल्या अटींचा रोख महसुलापेक्षा वस्तीच्या रूपावर अधिक होता.

अटी सविस्तर असत. घरावर किमान अमुक रक्कम खर्च झालीच पाहिजे, एका भूखंडावर ठरल्यापेक्षा अधिक घरे बांधता येणार नाहीत, घराचा उपयोग केवळ राहण्यासाठी करायचा, दुकान, कार्यशाळा किंवा कोणताही धंदा चालवायचा नाही, आणि घराची देखभाल नीट ठेवायची. मालकाचा कारभारी फिरून यावर लक्ष ठेवी. शिवाय घराण्याला पैशाची तातडी नव्हती. इतरत्र जहागिरी होत्या, त्यामुळे एजबॅस्टनची जमीन थोडी थोडी करून, मागणी पाहून दिली गेली. हा संयम निर्बंधांइतकाच महत्त्वाचा होता. घाईने भूखंड पाडणाऱ्या मालकाला पडेल ते गिऱ्हाईक घ्यावे लागते. कॅल्थॉर्पना ते घ्यावे लागले नाही.

यात पट्टेदारांचाही स्वार्थ होता, आणि तो विसरता कामा नये. शेजारच्या भूखंडावर उद्या भट्टी उभी राहणार नाही, ही खात्री ते भाड्यातून विकत घेत होते. ज्या बंधनाने त्यांचे हात बांधले जात, त्याच बंधनाने त्यांच्या शेजाऱ्याचेही बांधले जात.

लॉर्ड कॅल्थॉर्प स्वतः येथे राहत असत का?

नाही. भाडेपट्टे सुरू होण्याच्या सुमारासच घराणे एजबॅस्टनमधून हलले आणि पुढचे लॉर्ड बहुतेक काळ एल्व्हेदम किंवा अॅम्प्टन येथे राहिले. वाडा भाड्याने दिला गेला. त्याचा सर्वांत नामांकित भाडेकरू म्हणजे डॉ. विल्यम विदरिंग, ज्यांनी फॉक्सग्लोव्ह या वनस्पतीचा हृदयाशी संबंधित जलोदरावर होणारा उपयोग १७८५ मध्ये जगापुढे मांडला. त्यांचे दफन येथल्या जुन्या चर्चमध्ये झाले आहे.

मग येथे राहत होते तरी कोण?

बर्मिंगहॅम चालवणारे लोक. यात खानदानी उमराव जवळपास नव्हतेच. कारखानदार, बँकवाले, वकील, डॉक्टर आणि घाऊक व्यापारी होते. त्यांच्यातले बरेचसे धर्माने मुख्य अँग्लिकन चर्चच्या बाहेरचे होते, म्हणजे क्वेकर किंवा युनिटेरियन. क्वेकरांमध्ये कॅडबरी आणि स्टर्ज ही नावे ठळक आहेत. चॉकलेटच्या व्यवसायाचा पाया घालणारे जॉन कॅडबरी कॅल्थॉर्प रस्त्यावर राहत असत. त्यांचे चिरंजीव जॉर्ज, ज्यांनी पुढे भाऊ रिचर्ड यांच्यासह १८७९ मध्ये कारखाना बोर्नव्हिलला हलवला, त्यांचा जन्म १८३९ मध्ये एजबॅस्टनचाच. गुलामगिरीविरोधी चळवळीतले जोसेफ स्टर्ज हे येथले रहिवासी, आणि त्यांचा १८६२ मध्ये उभारलेला पुतळा फाइव्ह वेज चौकात आहे. धान्याच्या व्यापारावर जगणाऱ्या या गृहस्थांनी आयुष्याची कित्येक वर्षे वेस्ट इंडीजमधील गुलामांच्या मुक्तीसाठी घालवली.

जोसेफ गिलट हे आणखी एक वैशिष्ट्यपूर्ण नाव. पोलादी निबांचे उत्पादन करून ते गडगंज झाले. टाकाने लिहिण्याच्या काळात बर्मिंगहॅमची निबे जगभर जात. गिलट यांनी त्या पैशातून टर्नरसारख्या चित्रकारांची चित्रे जमवली आणि ती वेस्टबोर्न रस्त्यावरील आपल्या घरात लावली. नव्या श्रीमंतांना रसिकता नसते, असे लंडनचे लोक म्हणत, तेव्हा त्यांनी बहुधा हे घर पाहिलेले नसे.

युनिटेरियनांमध्ये चेंबरलेन, केनरिक आणि नेटलफोल्ड ही कुटुंबे परस्परांत सोयरिकी करून एक घट्ट वर्तुळ बनली होती. जोसेफ चेंबरलेन १८५४ मध्ये लंडनहून नेटलफोल्डांच्या स्क्रूच्या कारखान्यात काम पाहण्यासाठी आले, १८७३ ते १८७६ या काळात महापौर झाले, आणि गॅस व पाणीपुरवठा यांच्या खासगी कंपन्या त्यांनी नगरपालिकेच्या मालकीच्या केल्या. त्यांचे दोन्ही प्रसिद्ध पुत्र एजबॅस्टनमध्ये जन्मले: ऑस्टिन १८६३ मध्ये, ज्यांना पुढे शांततेचे नोबेल पारितोषिक मिळाले, आणि नेव्हिल १८६९ मध्ये, जे पंतप्रधान झाले. एजबॅस्टनच्या जेवणाच्या टेबलांवर शहराचे अर्धे निर्णय होत असत असे म्हटले तर ती फारशी अतिशयोक्ती होणार नाही.

कॅथलिकही होतेच. धर्मगुरू जॉन हेन्री न्यूमन यांनी १८५२ मध्ये आपला धर्मसंघ हॅगली रस्त्यावर आणला आणि १८९० मध्ये तेथेच त्यांचे निधन झाले. २०१९ मध्ये पोपनी त्यांना संत घोषित केले.

कामगार आणि गरीब लोक येथे मुळीच नव्हते का?

होते, पण कडेला किंवा तळघरात. प्रत्येक मोठे घर स्वयंपाकीण, मोलकरणी, माळी आणि गाडीवान यांच्या श्रमावर चाले. बाल्सॉल हीथ आणि लेडीवुड या बाजूंच्या सीमेवर मालकांनीच लहान घरांना परवानगी दिली. कारकून, दुकानदार आणि कारागीर तेथे राहत. अशा रीतीने मधल्या मोठ्या बंगल्यांभोवती मध्यम आणि लहान घरांचा एक पट्टा तयार झाला आणि थेट गरीब वस्तीची भिंत बंगल्याला लागली नाही. पूर्वेकडच्या सीमेवर १८५७ मध्ये कॅल्थॉर्प पार्क सुरू झाले. ते जनतेला मिळालेले उद्यान होते हे खरे, आणि दाट वस्ती व बंगल्यांच्या मध्ये ते एक हिरवे अंतर राखत होते हेही तितकेच खरे.

त्याच काळात शहराच्या मध्यभागी हजारो कुटुंबे पाठीला पाठ लावून बांधलेल्या, मजल्यागणिक एकेक खोली असलेल्या घरांत, सामायिक नळ आणि सामायिक शौचालयांच्या आधाराने राहत होती. या दोन जगांमधले अंतर गाडीने पंधरा मिनिटांचे होते. एजबॅस्टनचे काही रहिवासी ही विसंगती ओळखून होते. जॉन सटन नेटलफोल्ड यांनी १९०३-०४ मध्ये विंटरबोर्न हे स्वतःसाठी देखणे घर बांधले, आणि तेच नगरसेवक म्हणून गलिच्छ वस्त्यांच्या सुधारणेसाठी झटले. १९०७ मध्ये शेजारच्या हार्बोर्नमध्ये साध्या उत्पन्नाच्या लोकांसाठी सहकारी तत्त्वावर मूर पूल ही बागांची वसाहत त्यांच्याच पुढाकाराने सुरू झाली.

कालवा आणि रेल्वे येथून जाते; त्यांना परवानगी कशी मिळाली?

अटी घालून. वुस्टर-बर्मिंगहॅम कालव्याचा कायदा १७९१ मध्ये मंजूर झाला, तेव्हा कालवा एजबॅस्टनच्या जमिनीतून नेणे भाग होते. घराण्याने कायद्यातच अशी तरतूद करून घेतली, की आपल्या हद्दीत कालव्याच्या काठी गोदामे आणि कारखाने उभे राहणार नाहीत. बर्मिंगहॅममधले इतर कालवे विटांच्या भिंतींमधून वाहतात. हा मात्र एजबॅस्टनमध्ये झाडांच्या कमानीखालून जातो, आणि त्यामागे निसर्गापेक्षा त्या कलमाचा वाटा मोठा आहे. १८७६ मध्ये रेल्वे आली तीही कालव्याच्या कडेकडेने, खोलगट खाचेतून, म्हणजे बंगल्यांना फारशी दिसणार नाही अशी.

हॅगली रस्त्यावरच्या ट्रामला तर रहिवाशांनी दीर्घकाळ विरोध केला. ज्यांच्या दारी स्वतःची घोडागाडी उभी असे, त्यांना ट्रामची गरज नव्हती, आणि ट्रामबरोबर येणारी माणसे नको होती. १९१३ मध्ये ती अखेर सुरू झाली आणि १९३० मध्ये बंदही झाली. आता २०२२ पासून त्याच रस्त्याच्या सुरुवातीला मेट्रो ट्रामचे एजबॅस्टन व्हिलेज हे शेवटचे स्थानक आहे आणि घरे विकणारे दलाल त्याची जाहिरात करतात.

लॉन टेनिसचा जन्म येथे झाला असे म्हणतात. हे खरे आहे का?

बऱ्याच अंशी खरे आहे. हॅरी जेम हे वकील आणि ऑगुरिओ परेरा हे स्पॅनिश वंशाचे व्यापारी या दोघांनी १८६० च्या आसपास परेरा यांच्या अॅम्प्टन रस्त्यावरील घराच्या हिरवळीवर रॅकेट्स आणि स्पेनमधला पेलोटा या भिंतीवर चेंडू मारण्याच्या दोन खेळांचे मिश्रण असलेला एक खेळ खेळायला सुरुवात केली. पुढे ते दोघे लेमिंग्टन स्पा येथे गेले आणि तेथे त्यांनी क्लब काढला. मेजर वॉल्टर विंगफिल्ड यांनी आपल्या खेळाचे पेटंट घेतले ते १८७४ मध्ये, म्हणून जनकत्वाचा मान बराच काळ त्यांना दिला गेला. हा वाद चालत राहील. पण ज्या खेळाला मऊ, सपाट आणि रोज कापलेली खासगी हिरवळ लागते तो एजबॅस्टनसारख्या ठिकाणी सुचावा, यात नवल नाही.

१८६० मध्ये स्थापन झालेली एजबॅस्टन आर्चरी अँड लॉन टेनिस सोसायटी आजही चालू आहे आणि ती जगातील सर्वांत जुना हयात लॉन टेनिस क्लब मानली जाते. विम्बल्डनमध्ये १८८४ साली महिलांची पहिली स्पर्धा जिंकणाऱ्या मॉड वॉटसन यांनी स्पर्धात्मक टेनिसला १८८१ मध्ये सुरुवात केली, तीही एजबॅस्टनमध्ये.

क्रिकेटचे मैदान या शांत उपनगरात कसे आले?

वॉरिकशर क्लबची स्थापना १८८२ मध्ये झाली आणि त्याला शहराजवळ कायमचे मैदान हवे होते. कॅल्थॉर्प मिळकतीने, म्हणजे घराण्याच्या जमिनीचा कारभार पाहणाऱ्या व्यवस्थेने, त्यांना रिया नदीजवळची सखल गवताळ जमीन भाडेपट्ट्याने दिली. उंचावरची कोरडी जमीन बंगल्यांसाठी आणि नदीकाठची क्रिकेटसाठी, हा हिशेब मालकाच्या दृष्टीने सोयीचा होता, आणि प्रतिष्ठित खेळाचे मैदान शेजारी असल्याने वस्तीचा मान वाढतो हेही होतेच. १८८६ मध्ये मैदान खुले झाले. पहिली कसोटी १९०२ च्या मे महिन्यात झाली. तिच्यात ऑस्ट्रेलियाचा संघ ३६ धावांत गुंडाळला गेला आणि विल्फ्रेड ऱ्होड्स यांनी १७ धावांत ७ बळी घेतले. तरीही पावसामुळे सामना अनिर्णित राहिला.

मराठी क्रिकेटरसिकांच्या दृष्टीने १९७४ ची कसोटी कडूगोड आठवणींची आहे. सामन्याच्या पहिल्याच चेंडूवर जेफ अर्नोल्ड यांनी सुनील गावस्कर यांना बाद केले, भारत डावाने हरला, आणि कर्णधार अजित वाडेकर यांची ती अखेरची कसोटी ठरली. त्याच सामन्यात सुधीर नाईक यांनी पदार्पण करून दुसऱ्या डावात ७७ धावा काढल्या. १९९६ मध्ये सचिन तेंडुलकर यांनी दुसऱ्या डावात भारताच्या २१९ पैकी १२२ धावा एकट्याने केल्या आणि तरीही सामना गेला. १९६७ पासून येथे खेळणाऱ्या भारताला या मैदानावर पहिला कसोटी विजय मिळाला तो थेट जुलै २०२५ मध्ये, ३३६ धावांनी. शुभमन गिल यांनी त्या सामन्यात २६९ आणि १६१ धावा केल्या.

विद्यापीठ शहराबाहेर येथे का बांधले गेले?

कारण जमीन फुकट मिळाली. बर्मिंगहॅम विद्यापीठाला १९०० मध्ये सनद मिळाली, जोसेफ चेंबरलेन त्याचे पहिले कुलपती झाले, आणि लॉर्ड कॅल्थॉर्प यांनी उपनगराच्या दक्षिण टोकाला २५ एकर जमीन देणगी दिली. लाल विटांच्या अर्धवर्तुळाकार इमारती अॅस्टन वेब आणि इन्ग्रेस बेल यांनी आखल्या, आणि १९०९ मध्ये सातव्या एडवर्ड राजांनी त्यांचे उद्घाटन केले. सुमारे १०० मीटर उंचीचा घड्याळाचा मनोरा चेंबरलेन यांच्या नावाचा आहे आणि विद्यार्थी त्याला ओल्ड जो म्हणतात. इटलीतील सिएना येथील मनोरा पाहून त्याची कल्पना सुचली.

या शांत परिसरात १९४० मध्ये जे घडले त्याचे परिणाम फार दूरवर गेले. विद्यापीठात जॉन रँडल आणि हॅरी बूट यांनी कॅव्हिटी मॅग्नेट्रॉन हे सूक्ष्मलहरी निर्माण करणारे उपकरण बनवले, ज्यामुळे विमानात मावेल इतके छोटे आणि अचूक रडार शक्य झाले. त्याच वर्षी ऑटो फ्रिश आणि रुडॉल्फ पायर्ल्स या दोन ज्यू निर्वासित शास्त्रज्ञांनी, थोड्याशा युरेनियम-२३५ पासून अणुबाँब बनवता येईल, हे दाखवणारे टिपण लिहिले. ते मूळचे परदेशी असल्यामुळे त्यांना रडारच्या गुप्त कामात घेतले नव्हते, म्हणून त्यांच्याकडे अणूचा विचार करायला वेळ होता.

येथली घरे कोणत्या शैलीची आहेत?

एकाच शैलीची नाहीत, आणि हेच पाहण्यासारखे आहे. वेलिंग्टन रस्ता आणि कॅल्थॉर्प रस्त्यावर १८१० ते १८४० च्या काळातली पांढऱ्या गिलाव्याची, साधी आणि प्रमाणबद्ध घरे आहेत. पुढे गॉथिक आले: जॉन हेन्री चेंबरलेन या वास्तुकाराने अॅम्प्टन रस्त्यावर १८५५ च्या सुमारास बांधलेले विटांचे घर त्याचा आरंभीचा नमुना आहे. (त्यांचा राजकारणी चेंबरलेन घराण्याशी नात्याचा संबंध नव्हता, मैत्रीचा मात्र होता.) शतकाच्या अखेरीस आर्ट्स अँड क्राफ्ट्स पद्धतीची, उतरत्या छपरांची, हाताच्या कारागिरीवर भर देणारी घरे विद्यापीठाजवळ बांधली गेली. यंत्रावर पैसा मिळवलेल्यांनी हाताने घडवलेल्या वस्तूंनी घर सजवावे, यात थोडी गंमत आहे.

दुसऱ्या महायुद्धानंतर काय बदलले?

बरेच काही, आणि थोड्या वर्षांत. घरकामाला माणसे मिळेनाशी झाली, मोठी घरे चालवणे परवडेना, आणि जुने पट्टे एकामागून एक संपत आले. पडझड होऊ द्यायची किंवा नव्याने आखणी करायची, असे दोनच पर्याय उरले. मिळकतीने १९५७ मध्ये स्थानिक वास्तुकार जॉन मॅडिन यांना आराखडा करायला सांगितले. त्यानुसार फाइव्ह वेज आणि हॅगली रस्त्याच्या बाजूला कार्यालयांच्या उंच इमारती आल्या, काही बंगल्यांच्या जागी झाडांमध्ये सदनिकांचे मनोरे आणि रांगेतली नवी घरे आली, आणि मधला भाग शक्य तितका जुन्या रूपात ठेवला गेला. धंद्याला कायमची बंदी असलेल्या भागात कार्यालये आणणे ही मोठीच तडजोड होती, पण तिच्या भाड्यावर बाकीचे वाचले.

दुसरा धक्का कायद्याचा होता. १९६७ च्या लीजहोल्ड रिफॉर्म कायद्याने दीर्घ मुदतीच्या पट्टेदारांना आपल्या घराखालची जमीन विकत घेण्याचा हक्क दिला. दीडशे वर्षे टिकलेली रचना येथे मोडलीच असती. पण ज्या वसाहतींचे एकसंध रूप राखणे हिताचे आहे तेथे मालकाला काही अधिकार ठेवण्याची सोय त्याच कायद्यात होती, आणि एजबॅस्टनने तिचा उपयोग केला. म्हणून आजही येथे जमीन स्वतःची झालेल्या घरमालकाला बाहेरून बदल करण्यासाठी किंवा झाड तोडण्यासाठी नगरपालिकेबरोबरच मिळकतीचीही संमती लागू शकते. कित्येक रहिवासी याबद्दल कुरकुरतात. शेजारी बांधकाम सुरू झाले की तेच रहिवासी या नियमाची आठवण करून देतात. १९७५ मध्ये मोठा भाग संवर्धन क्षेत्रही जाहीर झाला.

जमीन १९१० मध्येच पदवीपासून वेगळी होऊन सहाव्या लॉर्डच्या कन्येकडे गेली होती. लॉर्ड कॅल्थॉर्प ही पदवी १९९७ मध्ये वारस नसल्याने संपली. मिळकतीचा कारभार पाहणारी कॅल्थॉर्प इस्टेट्स ही संस्था मात्र अजून चालू आहे.

राजकारणात एजबॅस्टन नेहमी हुजूर पक्षाकडेच होते का?

१८८६ ते १९९७ या काळात येथून लिबरल युनियनिस्ट (लिबरल पक्षातून फुटून हुजूर पक्षाच्या जवळ गेलेला गट) किंवा हुजूर पक्षाचेच खासदार निवडून आले. नेव्हिल चेंबरलेन १९२९ पासून १९४० मध्ये मृत्यू येईपर्यंत येथलेच खासदार होते. १९९७ मध्ये मजूर पक्षाच्या गिझेला स्टुअर्ट विजयी झाल्या आणि हा निकाल त्या रात्रीच्या पहिल्या मोठ्या धक्क्यांपैकी होता. २०१७ मध्ये प्रीत कौर गिल निवडून आल्या, ब्रिटनच्या पहिल्या शीख महिला खासदार. उल्लेखनीय गोष्ट ही, की १९५३ पासून या मतदारसंघाने सतत महिलेलाच संसदेत पाठवले आहे.

आजही एजबॅस्टन श्रीमंतांचेच आहे का?

रस्त्यावर अवलंबून आहे. फार्कर रस्ता, वेलिंग्टन रस्ता या भागांतली घरे शहरातल्या सर्वांत महागड्या घरांत मोडतात. हॅगली रस्त्यावर मात्र हॉटेले, कार्यालये आणि खोल्याखोल्यांनी भाड्याने दिलेली जुनी घरे आहेत, आणि विद्यापीठाच्या बाजूला विद्यार्थ्यांची गर्दी असते. क्वीन एलिझाबेथ रुग्णालय आणि खासगी दवाखान्यांमुळे डॉक्टरांची वस्ती मोठी आहे, त्यांत भारतीय वंशाचेही अनेक. मतदारसंघाचे नाव एजबॅस्टन असले तरी त्यात बार्टली ग्रीनसारखे साध्या वस्तीचे भागही येतात, त्यामुळे मतदारसंघाची आकडेवारी उपनगराला लावू नये.

एका दिवसात काय पाहता येईल?

वनस्पती उद्यानापासून सुरुवात करावी. त्याची आखणी जॉन क्लॉडियस लाउडन यांची असून ते १८३२ मध्ये खुले झाले. तेथून अॅम्प्टन आणि कारपेंटर रस्त्यांवरून जुन्या चर्चपर्यंत पायी जावे. विंटरबोर्नची बाग आणि विद्यापीठातील बार्बर कलासंग्रहालय जवळजवळ आहेत, पण दुरुस्तीमुळे काही भाग बंद असू शकतो, म्हणून आधी चौकशी करावी. परतताना कालव्याच्या काठच्या वाटेने शहरात यावे, सुमारे पाऊण तासात मध्यवस्ती गाठता येते. एजबॅस्टन हॉल १९३६ पासून गोल्फ क्लबकडे आहे. सभासद किंवा त्यांचे पाहुणे नसल्यास तो आतून सहजासहजी पाहता येत नाही.